नाकोबाची निळी रेघ

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, पाटणकरांचं चाकांवर होतं. फिनिक्समधलं चांगलं घर विकून शार्दूल, मंजिरी आणि त्यांची लेक जुई एका लांबलचक मोटारघरात राहायला गेली, तेव्हा नाशिकच्या नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता. पण त्या काळात असं फिरतं बिऱ्हाड करणारे काही थोडेथोडके नव्हते. शार्दूलचं काम कुठूनही चालायचं. मंजिरीनं औषधांच्या दुकानातली नोकरी सोडली होती आणि आता ती पेशंटना पडद्यावरूनच गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावायची. जुईची शाळाही पडद्यावरच. गाडी स्वतःची स्वतः चालायची. ॲरिझोना, युटा, न्यू मेक्सिको, जिथे बरं वाटेल तिथे पंधरवडाभर मुक्काम टाकायचा आणि पुढे निघायचं. कुठेही मूळ धरायचं नाही, हा शार्दूलचा नियम होता आणि तो त्याचा त्याला फार आवडायचा.

वाळवंटात मोटारघराच्या खिडक्या उघडायची सोय नसते. बाहेर भट्टी, नाहीतर धुळीची भिंत चालून आलेली. आतली हवा आतच फिरवायची, थोडी ताजी घ्यायची, तीही गार करून. म्हणून या नव्या गाड्यांत एक यंत्र बसवलेलं असे. ते सतत हवा हुंगत बसायचं. गॅस गळला तर ओरडायचं, धूळ आली तर गाळायचं, माणसं गुदमरायला लागली तर छतावरचं झाकण उघडायचं. जुईनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं नाकोबा.

नाकोबाची करामत हवेपुरती नव्हती. आपल्या उच्छ्वासात नुसता कार्बन डायऑक्साइड नसतो, शेकडो रसायनांचे कण असतात. माणूस घाबरला, चिडला, आतून आखडला की स्नायू नकळत ताठ होतात आणि रक्तातलं एक हलकं रसायन भसाभस श्वासातून बाहेर पडतं. सिनेमागृहातली हवा तपासून पडद्यावर भीतीचा प्रसंग कधी आला हे सांगता येतं, हे शास्त्रज्ञांनी पूर्वीच दाखवलं होतं. नाकोबानं पुढची मजल मारली होती. प्रत्येकाच्या श्वासाची घडण वेगळी असते, पोटातल्या जिवाणूंप्रमाणे, खाण्यापिण्याप्रमाणे, वयाप्रमाणे. ती एकदा ओळखून ठेवली की एका खोलीत चौघं बसली असली तरी कुणाची तगमग किती, हे यंत्र वेगवेगळं सांगू शकायचं. स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या पडद्यावर तीन रेघा सरकत असायच्या. शार्दूलची हिरवी, जुईची निळी, मंजिरीची नारिंगी. रेघ खाली असली की जीव निवांत, वर गेली की तगमग. सगळ्यांत वर लाल पट्टा; तोही ओलांडला तर नाकोबा शिट्टी द्यायचा, आणि फारच झालं तर माणूस गुदमरतंय असं समजून झाकण उघडायचा.

ओळख करून द्यायची म्हणजे एका नळीत फुंकायचं. गाडी टूसॉनला ताब्यात आली त्या दिवशी संध्याकाळीच शार्दूल नळी घेऊन सगळ्यांच्या मागे लागला. यंत्राची माहितीपुस्तिका वाचणं हा त्याला आपल्या इंजिनियरकीचा अपमान वाटायचा, त्यामुळे ती खोक्यातच राहिली.

"अरे, आज हरतालिका आहे," मंजिरी म्हणाली. "तोंडाला कोरड पडलीय माझ्या. उद्या फुंकते."

"फुंकायला कुठे पाणी लागतं? ये गं, दोन मिनिटांचं काम."

एरवीचे मंजिरीचे उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर दाण्याची आमटी. पण हरतालिकेला ती आईसारखी पाण्याचा थेंबही घेत नसे. उपास नवऱ्यासाठी आणि नवराच नळी घेऊन उभा, तेव्हा करते काय? तिनं फुंकलं. नाकोबानं टुंग असा आवाज केला आणि तिची ओळख कायमची पोटात ठेवली.

पहिले काही महिने त्या रेघांचं सगळ्यांना कौतुक होतं. मंजिरीला तर जरा जास्तच. तिची नारिंगी रेघ सकाळी चहाच्या आधी थोडी हलायची आणि मग दिवसभर तळाशी गाईसारखी गप्प पडून राहायची. "बघा, आहे का कुणी माझ्यासारखं शांत?" असं ती शार्दूलला चिडवायची. जुईची निळी मात्र सदा वरखाली. मुलांचं असंच असतं, असं म्हणून दोघांनी सोडून दिलं.

मग उन्हाळ्याच्या शेवटी ते अलामोगोर्डोला आले आणि सुनेत्राताई भेटल्या.

सुनेत्राताई म्हणजे शार्दूलची थोरली बहीण. लग्न केलं नाही. वाळवंटाच्या काठच्या डोंगरात एक वेधशाळा होती, तिथल्या दुर्बिणींचे आरसे सांभाळायचं त्यांचं काम. डोंगरातल्याच एका छोट्या गावात त्यांचं घर होतं, घरापुढे मोठं अंगण, अंगणात त्यांची स्वतःची दुर्बीण. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथे खाली उन्हात कशाला तळताय? माझ्या अंगणात लावा की गाडी. वर गार आहे."

शार्दूल हो म्हणायच्या आत मंजिरी म्हणाली, "नको ताई, तुम्हाला कशाला त्रास!" आणि रात्री नवऱ्याला म्हणाली, "नणंदेच्या दारात तळ ठोकून बसायचं? मला नाही जमायचं." गाडी खाली आरव्ही पार्कात, मोटारघरांच्या तळावरच राहिली.

म्हणून सुनेत्राताईच खाली यायला लागल्या. कामावरून सुटल्या की गाडीत हजर. आल्या की जुई जी त्यांच्या गळ्यात पडायची ती त्या जाईपर्यंत. आत्यानं तिला पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांवर नेलं. ती वाळू जिप्समची, म्हणून भर उन्हातही पायाला चटका देत नाही, हे सांगितलं. "आई, म्हणजे आपल्या गणपतीच्या प्लास्टरचा डोंगरच गं!" असं सांगत जुई परत आली ती पापण्यांपर्यंत पांढरी होऊन. शनीची कडी, कोयोट नावाच्या तिथल्या कोल्ह्याचं रडणं, आत्यानं लहानपणी बाबांना न्हाणीत कसं कोंडलं होतं. दिवसभर आत्या म्हणाली, आत्यानं दाखवलं. मंजिरीनं केलेल्या थालीपिठावर लोण्याचा गोळा विरघळून जायचा, पोरीचं बोलणं संपायचं नाही.

मंजिरीच्या पोटात दुखायला लागलं. आडून सांगण्यात अर्थ नाही, ती जळत होती. नाकोबा हवा हुंगायचा, पण मिरच्या हिच्या नाकाला झोंबत होत्या.

एकदा ती पार्काच्या धुलाईघरातून कपड्यांची टोपली घेऊन परत आली, तर आत आत्या-भाची पोट धरून हसत होत्या. तिची नजर पडद्यावर गेली. निळी रेघ तळाला टेकलेली. इतकी खाली तिनं ती कधीच पाहिली नव्हती. ती टोपली ठेवून त्यांच्यापाशी जाऊन बसली. "काय गं, मलाही सांगा की." आणि तिच्या डोळ्यांदेखत निळी रेघ वर चढायला लागली. थोड्या वेळानं ती पार टोकाला पोचली.

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम पाहिलं. ती बाहेर गेली की रेघ खाली. ती आत आली की वर. आत्या असताना ती आत आली की सगळ्यांत वर.

"शार्दूल, तुझ्या लक्षात आलंय का हे?" तिनं शेवटी विचारलं.

तो जरा चाचरला. म्हणजे आलेलं होतं. "अगं, तू फार मनावर घेऊ नकोस. पण मला वाटतं तुझ्यासमोर ती आत्याशी मोकळी होत नसावी. तू काय म्हणशील म्हणून बिचकत असेल. तू जर जरा कमी रागावलीस, जर तिला..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! मी कधी रागावले तिच्यावर?"

"मी नाही म्हणत, नाकोबा म्हणतोय. तुझी रेघ बघ, किती शांत. तू शांतपणे करतेस गं सगळं, पण पोरीला ताण येतोय."

ते तिला फारच लागलं. आपण ओरडत नाही, मारत नाही, आणि तरी नुसत्या आपण जवळ बसण्यानं पोर आखडते? मग तिनं पुरणपोळ्या केल्या. जुईच्या केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या, हळू आवाजात गोष्टी सांगितल्या. सांगताना एक डोळा पडद्यावर. रेघ वर. तिचा जीव खाली-वर व्हायचा, आणि रेघ आणखी वर. मग सुनेत्राताईंना फोन जायचे. आज जुईचा अभ्यास आहे, आज तिचं डोकं दुखतंय, आज नका येऊ. त्या दिवशी जुई खिडकीला नाक लावून बसायची आणि मंजिरीला वाटायचं, कुणी सवतही पत्करेल पण नणंद नको.

जुईलाही पडदा वाचता येत होताच. एकदा ती आईच्या मांडीवरून पटकन उठली आणि दूर जाऊन बसली.

"का गं उठलीस?"

"ती रेघ लाल पट्ट्यात गेली," जुई म्हणाली. "म्हणून."

त्याच आठवड्यात सुनेत्राताईंनी विषय काढला, की गावात छोटीशी शाळा आहे, पंधरा-वीस मुलं, वर्ष नुकतंच सुरू झालंय. जुईला राहू दे माझ्याकडे वर्षभर, तुम्ही फिरा. तेव्हा भांडायला पदर खोचून उभी राहील असं ज्या बाईबद्दल शार्दूलला वाटलं होतं, ती म्हणाली, "न्या. माझ्यापाशी तिचा जीव गुदमरतो. यंत्रच सांगतंय."

म्हणताना तिला आशा होती की कुणीतरी नाही म्हणेल. जुई तरी. जुईनं बाबांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. हरतालिकेच्या दुपारी ताई तिला न्यायला येणार, असं ठरलं.

हरतालिका उजाडली. मंजिरीनं आदल्या संध्याकाळनंतर तोंडात काही घातलं नव्हतं, आणि यंदा भूक मोडायला उपासाची गरजही नव्हती. शार्दूल जुईचं सामान ठेवायला ताईंकडे वर गेला होता, येताना ताईंना घेऊनच येणार होता. गाडीत दोघीच. पूजेला वाळूची पिंडी करायची असते. इतर वर्षी वाळूसाठी कुंड्या उकरणारी मंजिरी इथे मात्र श्रीमंत होती. पार्कामागच्या कोरड्या ओढ्यातून जुईनं डबाभर वाळू आणली. पत्री म्हणून मेस्किटच्या काटेरी झुडपाचा पाला आणि कसलीशी रानटी पिवळी फुलं. बेल कुठला मिळणार! ताटात दोघींनी ओली वाळू थापून पिंडी केली, शेजारी नाशिकहून आणलेल्या सखी-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती ठेवल्या.

"कहाणी सांग ना," जुई म्हणाली. तिच्या हाताला वाळू होती, खांदा आईच्या दंडाला टेकलेला होता.

मंजिरी सांगायला लागली. हिमालयानं पार्वतीचं लग्न विष्णूशी ठरवलं. पार्वतीच्या मनात शंकर. ती रडायला लागली तेव्हा तिच्या सखीनं तिला उचललं आणि रानात नेऊन लपवलं. आलिका म्हणजे सखी, तिनं हरण केलं, म्हणून हरतालिका. सांगता सांगता मंजिरीच्या मनात आलं, आपल्याकडेही आज सखी यायची आहे, डोंगरात न्यायला.

"पण तिच्या बाबांनी तिला आधी विचारलं का नाही?" जुईनं विचारलं.

"तेव्हा विचारत नसत गं मुलींना," मंजिरी म्हणाली, आणि सवयीनं तिची नजर पडद्याकडे गेली.

निळी रेघ तळाला होती. पार तळाला. आणि वर लाल पट्ट्यात, जिथे तिनं आजवर निळी रेघ पाहिली होती, तिथे नारिंगी रेघ थरथरत होती.

बिघडलं वाटतं, असं मनाशी म्हणून तिनं पडदा पुसला. रेघा तशाच. "आणखी फुलं घेऊन येते," असं जुईला सांगून ती बाहेर गेली आणि गाडीच्या सावलीत उभी राहून फोनवर त्याच रेघा बघत राहिली. आतली हवा पालटायला जरा वेळ लागला. मग नारिंगी विरत गेली आणि निळी, आजवर ती बाहेर गेली की खाली जाणारी निळी, हळूच वर आली. फार नाही, थोडीशीच. ती दार उघडून आत गेली. थोड्या वेळानं निळी पुन्हा खाली बसली.

मंजिरीनं तळहात तोंडासमोर धरला आणि फुंकर मारून हुंगलं. कोरड्या तोंडाचा गोडसर, उग्र वास, नखांचा रंग काढायच्या पाण्यासारखा. तो वास तिला नवा नव्हता. पोटात अन्न नसलं की शरीर चरबी जाळायला घेतं आणि त्यातून ॲसिटोन तयार होऊन श्वासात उतरतं. मधुमेहाच्या पेशंटना हा वास आला तर डॉक्टरकडे पळा, असं ती वर्षानुवर्षं बजावत आली होती. दुसऱ्यांच्या तोंडाचे वास सांगणाऱ्या बाईनं स्वतःच्या तोंडाचा वास कधी घेतला नव्हता.

नाकोबाला तिनं ओळख दिली होती ती निर्जळी उपासाच्या श्वासाची. त्याच्या लेखी मंजिरी म्हणजे हा वास. तो सकाळी चहाच्या आधी, रिकाम्या पोटी, जरासा सापडायचा, झोपेतून उठलेल्या निवांत बाईचा. तीच तिची गरीब गाय नारिंगी रेघ. उरलेला सगळा दिवस ती पोटभर जेवलेली असे, आणि तिचा श्वास नाकोबानं सगळ्यांत जवळच्या ओळखीत टाकला होता. एकाच ताटातलं खाणाऱ्या, एकाच अंथरुणात झोपणाऱ्या लेकीच्या. तिच्या साबुदाण्याच्या उपासांना तो फसला नाही. वर्षातून एकदाच ती खरी उपाशी असायची, आणि आज ते वर्ष भरलं होतं.

म्हणजे ती तगमग जुईची नव्हतीच. लाल पट्ट्यात चढून बसलेली, ताई आल्या की टोकाला जाणारी ती रेघ हिचीच होती. लेकीच्या नावावर हिचा जळफळाट. आणि पोर त्या रेघेकडे बघून मांडीवरून उठून गेली होती.

दार वाजलं. शार्दूल आणि सुनेत्राताई आत आले. नारिंगी रेघ उसळली आणि नाकोबानं बारीक शिट्टी दिली.

"अगं मंजिरी, हे काय!" ताई पडद्याकडे बघून म्हणाल्या. आयुष्य यंत्रांत गेलेली बाई, त्यांना लगेच दिसलं. "ही तुझी रेघ ना?"

बिघडलंय म्हणायला मंजिरीनं तोंड उघडलं तर होतं. "माझीच," मंजिरी म्हणाली. "वर्षभर ती निळीही माझीच होती. जुईच्या नावावर पडत होती." आणि तिनं उपास, नळी, वास, सगळं सांगून टाकलं. शार्दूलचा चेहरा न वाचलेल्या पुस्तिकेसारखा कोरा झाला. "आणि ताई, मी जळते तुमच्यावर. ती तुमच्याकडे धावत येते ना, तेव्हा माझ्या छातीत निखारा पडतो. आता लपवून काय उपयोग, इथे रंगीत दिसतंय सगळ्यांना."

ताई पायरीवरच बसल्या. "आणि माझं? संध्याकाळी मी तुझ्या घरातून निघताना जुई तुझ्या पदराला हात पुसते, तेव्हा मला काय होतं ते तुला काय सांगू? बरंय, या यंत्रात माझी नोंद नाही. म्हणून अब्रू राहिली माझी."

जुई वाळूचे हात धरून एकेकाकडे बघत होती. मंजिरीला आपणच मघाशी सांगितलेली कहाणी आठवली, आणि त्यातला तो प्रश्न. देवीला वाहायचा हिरवा खण तिनं ताटातून उचलला आणि पडद्यावर टाकला. रेघा झाकल्या गेल्या.

"जुई, इकडे ये. तुला आत्याकडे जायचंय का? त्याच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघून सांग."

"मला वाटलं, त्याला माहीत असेल," जुई हळूच म्हणाली. "तो म्हणायचा मला तुझ्याजवळ भीती वाटते. मला कळायचंच नाही भीती कुठे वाटतेय ते. मी खूप शोधायची."

मंजिरीनं तिला जवळ ओढलं. वाळूनं साडी भरली. आता नाही म्हणायचा तिला हक्क होता. यंत्रानं तो परत दिला होता, आणि नणंदेच्या डोळ्यांसमोर दिला होता. पण तिनं विचारलं होतं, आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला लागतं.

"मग? नाही ना जायचं?"

"जायचंय," जुई म्हणाली. "शाळेत खरीखुरी मुलं आहेत. आणि दुर्बीण आहे. पण झोपायचं मला तुझ्याजवळ आहे." तिनं कपाळाला आठी घातली, जसं काही मोठ्या माणसांना साधं गणित सुटत नव्हतं. "आपण घरच तिकडे का नाही नेत? चाकं कशाला आहेत त्याला?"

शार्दूल म्हणाला, "अगं, पण आपला नियम..." आणि तिघींनी एकदम त्याच्याकडे पाहिल्यावर गप्प बसला.

"अंगण रिकामंच आहे," ताई म्हणाल्या. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

नणंदेचं अंगण. रोज सकाळी नणंदेच्या दाराचं दर्शन. शाळेतून सुटलेली पोर आधी कुठल्या दाराकडे धावते, हे स्वयंपाकाच्या खिडकीतून बघत बसायचं, अख्खा हिवाळाभर. मंजिरीनं लेकीच्या केसांतली वाळू झटकली. "येऊ," ती म्हणाली. "गणपतीही तिकडेच बसवू."

हिरव्या खणाखालून नाकोबा कर्कश शिट्टी वाजवायला लागला. छतावरचं झाकण खाडकन उघडलं आणि वाळवंटाची गरम हवा भसकन आत आली. सगळे वर बघायला लागले.

"बघताय काय?" मंजिरी म्हणाली. "हे असंच चालणार आता. शार्दूल, जा, टायर बघून घे."